पट्टीवरची दुसरी खूण

त्या टेबलावर मी बसले ती काही दमले म्हणून नाही. हक्क सांगायला बसले.

एक जुनी कचेरी कायमची बंद झाली होती आणि तिचं सगळं सामान फुटपाथवर विकायला मांडलं होतं. लोखंडी कपाटं, खुर्च्या, भिंतीवरची गोल घड्याळं... आणि त्या सगळ्या अडगळीत ते टेबल. खाली निमुळते होत गेलेले, किंचित बाहेर झुकलेले चार सडपातळ पाय, उजवीकडे तीन खण, आणि कडा अशा गोलसर की हात आपोआप फिरावा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची बनावट. आठवडाभर मी हेच शोधत होते. मी धावत जाऊन त्यावर हात ठेवला आणि त्याच वेळी पलीकडून दुसरा एक हात पडला. बोटांवर पॉलिशचे तपकिरी डाग असलेला.

"अहो दादा, हात काढा. हे मी घेतलंय."

"दादा नको," तो शांतपणे म्हणाला. "घरी दोन धाकट्या बहिणी आहेत, तेवढ्या पुरतात. आणि घेतलंय म्हणजे कधी? विकणारा तर अजून जेवायला गेलाय."

तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. मी छत्री उघडली ती टेबलावर धरली. त्यानं अंगातलं जॅकेट काढून टेबलावर पांघरलं. आम्ही दोघं भिजत, एकमेकांकडे खाऊ का गिळू असे बघत उभे.

"भिजलं की वरची लाकडाची पातळ साल सुटते," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. मला अजिबात ठाऊक नव्हतं. मग मी सरळ टेबलावर चढून बसले.

कड्‌कन आवाज झाला आणि एक पाय मोडला. मी घसरले. त्यानं झडप घालून धरलं — मला नव्हे, टेबलाला!

"पाय आतून पोखरलाय," तो म्हणाला. "मी तेच बघत होतो. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आता तुमचंच हे. मोडलंत तुम्ही, न्या तुम्ही."

"ठरलं. माझं. आणि दुरुस्त तुम्ही करायचं."

"मी?"

"तुमच्या बोटांना पॉलिश लागलंय, कानावर पेन्सिल आहे. यापेक्षा जास्त ओळख कशाला हवी? बावीस तारखेच्या आत हवंय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. समोरच्या दाताचा छोटासा टवका उडालेला होता, आणि तो मला फार आवडला. हे मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण तेव्हा मला टेबल हवं होतं.

बावीस तारखेचं असं होतं. मी माहितीपुस्तिका लिहिते. म्हणजे तुमच्याकडे नवा मिक्सर आला की खोक्यातून जी निघते आणि न वाचता थेट खणात जाते, ती. आमच्या कंपनीनं इथली शाखा बंद केली. सगळ्यांनी मुख्य कचेरीत जायचं, इथून सात तासांवर. मी म्हटलं, मी घरून काम करते. साहेब म्हणाले, "घरून? मागच्या कॉलला तुमच्या पाठीमागून एक गृहस्थ दाढीचा फेस लावून गेले."

"ते माझे मामा, सर."

"ते कोणीही असोत. कामाची वेगळी खोली दाखवा. दार असलेली, टेबल असलेली. बावीस तारखेला चार वाजता मी कॉलवर बघतो. नाहीतर एक तारखेला इकडे रुजू व्हायचं."

मला नोकरी सोडायची नव्हती आणि घरही सोडायचं नव्हतं. दोन्हींतलं एक निवड, असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. कारण आईला एकदा असंच निवडायला लावलं होतं. ती टेलिफोनच्या कचेरीत होती. मी तीन वर्षांची असताना तिची बदली आली आणि तिनं नोकरी सोडली. तिचा तेव्हाचा एक फोटो आमच्या कपाटात आहे. तशाच निमुळत्या पायांच्या टेबलाशी ती बसली आहे, मागे गोल घड्याळ, बाजूला तीन पायांचा दिवा, आणि चेहऱ्यावर असा रुबाब की मी तो घरात कधी पाहिलाच नाही. मला तशीच खोली करायची होती. अगदी तशीच.

जागा होती. पाहुण्यांची खोली.

"आणि पाहुणे आले तर?" आई म्हणाली.

"शेवटचे पाहुणे कधी आले होते?"

"मामा नाही का आला होता?"

"आई, मामा खालच्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे रंग चालू होता म्हणून दोन रात्री आला होता."

"तरी पाहुणाच ना," आईनं विषय मिटवला. त्या खोलीत सात सूटकेसा, रिकामे डबे, व्यायामाची सायकल आणि तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल होते. पुढचे तीन दिवस मी एकेक वस्तू बाहेर काढत होते आणि आई एकेक वस्तू आत नेत होती. चौथ्या दिवशी मी तह केला: पाहुण्यांसाठी बारीक पायांचा एक बैठा सोफा ठेवू, उलगडला की पलंग होणारा. आई नाइलाजानं हो म्हणाली.

पाचव्या दिवशी तो मापं घ्यायला आला. हातात एक लांब, चपटी, गुळगुळीत लाकडी पट्टी. बस्स.

"टेप नाही आणलात?" मी विचारलं.

"मी टेप वापरत नाही. माझ्या उस्तादांनीही कधी वापरली नाही. प्रत्येक खोलीची एक पट्टी असते. जे मोजायचं त्याला पट्टी लावायची आणि खूण करायची. आकडा ऐकताना चुकतो, लिहिताना चुकतो. खूण खोटं बोलत नाही."

"मी आकड्यांनी सगळं लिहून ठेवलंय," मी म्हणाले आणि त्याच्या हातात माझी चौदा पानं ठेवली. पहिल्या पानावर ठळक अक्षरात: *कामाची खोली — मांडणी, वापर आणि घ्यावयाची काळजी.*

त्यानं पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "यात गॅरंटी किती वर्षांची आहे, सूचनाबाई?"

हे नाव मला तेव्हापासून चिकटलं. आणि मी रागावून स्वयंपाकघरात गेले ती येऊन पाहते तर काय, माझ्या चौदा पानांची घडी डगमगणाऱ्या शिडीच्या पायाखाली! मी त्याला असं काही झाडलं की मामा खालून वर बघायला आला.

पण काम त्याला येत होतं, हे मान्य करायलाच हवं. खिडकीच्या चौकटीला पट्टी लावली, बारीक फुली. फळीच्या उंचीला दोन रेघा. दाराच्या रुंदीला छोटा त्रिकोण. शेवटी म्हणाला, "स्टुलावर बसा. टाइप करताना बसता तशा."

मी बसले. कोपर दुमडलं. तो गुडघ्यावर टेकला आणि पट्टी माझ्या कोपराशी उभी धरली. स्पर्श नाही. पट्टी आणि माझा हात यांच्यामध्ये जेमतेम दोऱ्याएवढी जागा. त्याच्या केसांना लाकडाचा ताजा वास येत होता. पेन्सिल अगदी हळू फिरली... एक लहानसा गोल.

"श्वास सोडा," तो म्हणाला. "खांदे वर गेलेत तुमचे. माप चुकेल."

"मी नेहमी अशीच बसते."

"मग टेबल चुकीचं होतं इतके दिवस," तो म्हणाला आणि पुन्हा माप घेतलं. मी श्वास सोडला खरा, पण मग परत घ्यायचं विसरले. चहा टाकते असं काहीतरी पुटपुटत मी तिथून पळाले.

त्यानंतर कामं भराभर सुरू झाली आणि भांडणंही. मला चारही भिंती मस्टर्ड पिवळ्या हव्या होत्या.

"चारही? साहेबांना वाटेल, बाईंना कावीळ झाली," तो म्हणाला. "एक भिंत पिवळी करा. उरलेल्या पांढऱ्या. मग ती एकच उठून दिसेल."

"माझ्या पुस्तिकेत चार लिहिल्यात."

"पुस्तिका शिडीखाली आहे."

शेवटी एकच पिवळी केली, आणि ती इतकी सुरेख दिसली की मला त्याचा आणखीच राग आला. शेवाळी हिरवा पडदा मी निवडला, त्यावर मोठमोठ्या पानांची नक्षी. तीन पायांचा दिवा मी कुठल्याशा गॅरेजच्या कोपऱ्यातून शोधून काढला, गोल घड्याळ त्याच फुटपाथवरून आणलं. भिंतीवरची फळी त्यानं केली, पितळी पट्ट्यांवर तोललेली, खाली एकही टेकू नसलेली. खोलीत सगळीकडे सामानाच्या पायांखालून हवा वाहायला लागली. आई दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून डोकवायची.

तारीख सोळा झाली तरी टेबलाचा पत्ता नव्हता. मी तावातावानं त्याच्या कारखान्यात गेले. तो लाकूड आणायला गेला होता. समोर माझं टेबल उलटं ठेवलेलं, मोडक्या पायाबरोबर बाकीचेही काढून टाकलेले, चारही पायांच्या जागा रिकाम्या. आणि भिंतीवर, खिळ्याला... माझी चौदा पानं! शिडीखालच्या घडीच्या खुणा उमटलेली, पण नीट सपाट केलेली. पानापानावर त्याच्या पेन्सिलीच्या ओळी. *बाईंना दुपारचं ऊन लागतं, टेबल खिडकीसमोर नको, बाजूला घ्यावं.* *वरच्या खणाला कुलूप मागितलंय, चावी हरवणाऱ्यांपैकी वाटतात, दोन कराव्यात.* आणि शेवटच्या पानावर, जिथे मी 'समाप्त' लिहिलं होतं, तिथे: *चांगलं लिहितात.*

मी लिहिलेली पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत कोणी वाचली होती, ती माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. मी न भांडता घरी आले. वाटेत एका दुकानाच्या काचेत मी दिसले, हसत होते. अगं वेडे, मी स्वतःला म्हटलं, तुझं काही खरं नाही.

बावीस तारखेला दुपारी अडीचला टेबल आलं. मामानं आणि त्यानं मिळून वर चढवलं. नवे चार पाय, जुन्यांसारखेच निमुळते. लाकूड आतून उजळल्यासारखं चमकत होतं. आई दारात उभी राहिली. मग आत आली, वरचा खण ओढला, लोटला. पुन्हा ओढला.

"आमच्याकडचाही असाच सरकायचा," ती म्हणाली. "आवाज न करता." पदरानं डोळे टिपले आणि मला म्हणाली, "बस बघू."

मी ऐटीत बसले. हात टेबलावर ठेवले आणि खांदे थेट कानांशी गेले.

"उंच आहे," मी म्हणाले.

"शक्यच नाही." त्याचा चेहरा पडला. "मी पट्टीवरून कापलेत पाय."

"मग पट्टी आणा."

पट्टी लावली. टेबल माझ्या गोलापेक्षा दोन बोटं उंच होतं. बरोबर दोन बोटं. कारण पट्टीवर माझ्या गोलाच्या वर दोन बोटांवर आणखी एक खूण होती. नुसती आडवी रेघ, ना फुली ना त्रिकोण. टेबल त्या रेघेला अगदी तंतोतंत टेकलं होतं.

"ही कशाची?" मी विचारलं.

त्याचे कान लाल.

"खूण खोटं बोलत नाही म्हणालात ना? मग ही काय म्हणतेय?"

"आधी टेबल," तो पट्टीकडे न बघता म्हणाला. "चूक माझी. तुमचे साहेब चारला येतायत. पाय कापायला तास लागेल. कापू?"

त्या क्षणी मला ती रेघ जास्त महत्त्वाची वाटत होती, हे खरं. पण फोटोतल्या आईनं एकदा नोकरी सोडली होती. मी सोडणार नव्हते, लाल कानांसाठीसुद्धा नाही. "कापा," मी म्हणाले. "मी धरते."

गच्चीत टेबल उलटं केलं. मी एकेक पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि तो करवत चालवत गेला. भुसा उडत होता. दोन बोटांचा एकेक तुकडा खाली पडत होता. तो एकदाही वर बघत नव्हता आणि मी एकदाही दुसरीकडे बघत नव्हते.

"तिरके पाय आहेत," मी म्हणाले. "कापही तिरका हवा ना?"

"पान अकरा," तो म्हणाला. "लिहिलंयत तुम्ही."

चारला पाच मिनिटं असताना टेबल जागेवर होतं. मामानं दाराबाहेर खुर्ची टाकली आणि पहारेकऱ्यासारखा बसला, दाढी करून. आई त्याच्याशेजारी. करवतवाला गच्चीत भुसा झाडत होता. मी कोपर टेकवलं. खांदे खाली. श्वास मोकळा. इतकं बरोबर मी कुठल्याच टेबलाशी कधी बसले नव्हते.

साहेब पडद्यावर आले. पिवळी भिंत बघितली, फळी बघितली, दिवा बघितला. मी दार उघडून, मिटून दाखवलं. खण ओढून दाखवला.

"हे एका महिन्यात केलंत?" ते म्हणाले.

"हो सर. आणि मी इथून कुठेही जाणार नाहीये. काम पुढच्या सोमवारपासून द्या, आजपासून दिलंत तरी चालेल."

ते पडद्याच्या अगदी जवळ झुकले.

"नव्या ओव्हनची पुस्तिका सोमवारी पाठवतो," ते म्हणाले. "आणि एक सांगू? तुमच्या केसांत भुसा आहे."

पडदा काळा झाला. दाराबाहेर मामा ओरडला, "झालं का गं?" मी "झालं!" म्हणाले, आईला मिठी मारली, तिनं माझ्या डोक्यावरचा भुसा झटकला, आणि मी कोपऱ्यातली पट्टी उचलून थेट गच्चीत गेले.

तो करवत पिशवीत घालत होता. निघायच्या तयारीत.

"आता बोला," मी म्हणाले. "ही रेघ कोणाची?"

"माझी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माझ्या कोपराची." त्यानं एकदाचं वर बघितलं. "त्या दिवशी तुम्ही चहा टाकायला गेलात ना... मी तुमच्या स्टुलावर बसलो. इथून तुम्हाला काय दिसणार ते बघायला. बसल्यावर वाटलं... इथे रोज बसता आलं तर. तुमच्यासमोर. हाताला सवय आहे, मनात काही बसलं की खूण होते. झाली. पुसायला हवी होती, पुसवली नाही. आणि नवे पाय कापले त्या दिवशी मी मनात त्या टेबलाशी तुम्हाला बघत होतो आणि मलाही बघत होतो, आणि..." तो थांबला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं माप चुकलं, सूचनाबाई."

मला खूप काही बोलायचं होतं. शब्द तर माझा धंदा! पण त्याच्याशी बोलायचं तर खूणच हवी. म्हणून मी हात पुढे केला आणि त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली. तो दचकला, पट्टीवर त्याच्याशिवाय कोणी खूण करत नाही. मी त्याच्या रेघेभोवती एक गोल काढला. माझ्या गोलाएवढाच. नीट, सावकाश.

"चुकलं नाही माप," मी म्हणाले. "टेबल चुकलं. हे माझं होतं. तुझं अजून व्हायचंय. समोरच्या भिंतीशी बसेल; सोफा जरा डावीकडे सरकवू. मला तू आवडतोस. त्या फुटपाथपासून आवडतोस, फक्त तेव्हा मला टेबल हवं होतं."

"पण मला टेबलावरचं काम कुठे असतं?"

"चहा प्यायला बस. माझी पानं वाचायला बस. नाहीतर नुसता बस."

तो हसला. तोच टवका. मग अगदी जपून, पट्टी धरतात तसं, त्यानं माझं कोपर हातात धरलं. या वेळी मध्ये दोऱ्याएवढीही जागा नव्हती.

"केव्हापर्यंत हवंय टेबल?" त्यानं विचारलं.

"बावीस तारखेच्या आत. पुढच्या."

तेवढ्यात आतून मामाचा आवाज आला, "अगं, ते सुतारदादा रात्री जेवायला थांबतायत का? पान घ्यायला सांगू?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"थांबतायत," मी आत बघून ओरडले. "आणि मामा, आजपासून त्यांना दादा म्हणायचं नाही!"

मग आईची चाहूल लागली. ती नव्या खोलीत आली होती आणि बैठा सोफा डावीकडे सरकवत होती.